आई-बाबा, गच्चीवर झोपताना खालचं घर

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणलात "आपल्याकडं काय हाय चोरायला, आन् आम्ही घरातच असतो की". घरात नसता तुम्ही, गच्चीवर असता. परभणीत मे महिन्यात खाली झोपवत नाही हे मलाही कळतं, पंखासुद्धा गरम हवा फेकतो आणि त्यात लाईट गेली की संपलंच. पण चोराच्या हिशोबानं माणसं वर गाढ झोपलेली म्हणजे खालचं घर रिकामंच. उन्हाळ्यात पेपरात हीच बातमी असते, कुटुंब गच्चीवर, खाली कपाट फोडलं, सकाळी उतरल्यावर कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहायलेय, आईला वाचून दाखवा, तिचा चष्मा सापडला नसेलच.

आधी कुलूप. तुम्ही ते मोठ्ठं पितळी कुलूप आणलंय त्याचं कौतुक आहेच, पण पोलिसांच्या बातमीत कायम "कडीकोयंडा तोडून" असं असतं, कुलूप तोडून क्वचितच. आपल्या पुढच्या दाराचा कोयंडा चार बारक्या स्क्रूंवर आहे, टॉमी म्हणजे लोखंडी पहार घातली की लाकडासकट बाहेर येतो आणि कुलूप तसंच बंद लोंबकळत राहतं. मिस्त्रीला बोलावून कोयंड्याला आरपार नट-बोल्ट टाकून घ्या, गोल डोकं बाहेर आणि नट आतून, म्हणजे बाहेरून पाना लागत नाही. चौकटीच्या बाजूलाही तसंच करायला सांगा, नाहीतर एक बाजू पक्की अन् दुसरी पोकळ. जमलं तर दाराच्या आत बसतं ते कुलूप घेऊ, बाहेरून नुसतं किल्लीचं भोक दिसतं. बाहेर लटकलेलं कुलूप गल्लीतून जाणाऱ्या कुणालाही सांगतं की घरात कुणी नाही.

आता अलार्म. मोठी सिस्टीम नको, मलाच ती सांभाळायचा कंटाळा येईल. दाराला चिकटवायचा बारका अलार्म मिळतो, दोन तुकडे असतात, एकात लोहचुंबक, तो चौकटीवरच्या तुकड्यापासून लांब गेला की आतला संपर्क तुटतो आणि भोंगा सुरू. सेलवर चालतो त्यामुळं लाईट गेली तरी चालतो. मागच्या दाराला अन् जिन्याच्या खालच्या दाराला लावू. फक्त पावसाळ्यात आपलं मागचं दार फुगतं, तेव्हा दोन तुकड्यांतलं अंतर बघावं लागेल, नाहीतर उगाच रात्री दोनला वाजायचा आणि आई मला शिव्या द्यायची. हालचाल ओळखणारा सेन्सर पण असतो पण तो अंगाच्या उष्णतेवर चालतो, खोलीच तापून चाळीसला टेकली की माणूस अन् भिंत त्याला सारखेच वाटायला लागतात, म्हणजे ज्या दिवसात हवा त्याच दिवसात तो मंद. वर पाल चढली तरी वाजतो. पैसे वाया घालवू नका.

कॅमेरा दादा बसवून देतो म्हणलाय, बसवू द्या, पण कॅमेरा अन् राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा, नाहीतर लाईट गेली की कॅमेरा आंधळा. महिन्यातून एकदा झाडूनं जाळं काढायचं, रात्री त्याच्यापाशी किडे येतेत अन् त्यामागं कोळी.

सगळ्यात महत्त्वाचं, वर झोपायला जाताना मोबाईल बरोबर न्यायचा, खाली चार्जिंगला लावून नाही. चोर कधी कधी जिन्याच्या दाराला खालून कडी लावून घेतात, वरची माणसं वरच अडकतात. आवाज आला तर बाबा, काठी घेऊन खाली उतरायचं नाही, शपथ आहे. वरूनच ओरडा, शेजारच्या काकांना हाका मारा अन् ११२ लावा, पोलिस, ॲम्ब्युलन्स, बंब सगळं त्याच नंबरवर. सामान गेलं तर आणता येतं.

आणि आई, तुझ्या पाटल्या आणि बोरमाळ ज्वारीच्या कोठीत आहेत हे मावशीला, मामीला अन् भांडेवालीलाही माहितीय. कोठी, पिठाचे डबे, देवघर चोर आधी बघतात. कपाटाची किल्लीही कपाटावरच. बँकेत लॉकर घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२२ पासून लॉकर फोडला गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पट एवढी आहे, म्हणजे सगळं सोनं भरून निघेल असं नाही, पण कोठीपेक्षा शंभर पट बरंच. लग्नाला एक ग्रॅमचे दागिने घाल, कुणी वितळवून बघत नाही.

बाबा, तुळजापूरला निघाल्यावर एसटीतून स्टेटस टाकायचं नाही, घरी आल्यावर टाका, देवी रागावत नाही. दूध अन् पेपर बंद करून जा. दारात अंधार पडला की आपोआप लागणारा बल्ब लावू, दिवसभर जळणारा बल्ब बघूनच कळतं की घरचे गावाला गेलेत.

बोल्ट मी पुण्याहून घेऊन येते, तेवढी दाराच्या फळीची जाडी मोजून व्हॉट्सॲपवर टाका, नुसता फोटो नको. मोजपट्टी शिलाई मशीनच्या खणात आहे.

तुमची,
मनी