३५ की ८०? चार फोन झाले, उत्तर अजून नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि तांत्रिक विभाग प्रमुख

विषय: बदली टायरमध्ये हवा किती भरायची याबद्दल मिळालेली परस्परविरोधी उत्तरं आणि फोनवरची वागणूक

तुमच्या हेल्पलाइनचा चौथा फोन ठेवून दहा मिनिटं झाली आहेत. राग निवला की लिहू असं म्हटलं तर हे पत्र राहूनच जाईल, म्हणून आत्ताच लिहायला बसले आहे.

प्रश्न साधा आहे. गाडीवर मूळचे टायर होते पी२६५/७०आर१७, लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार उचलतो त्याचा क्रमांक, ११३. ते झिजले म्हणून तुमचे ऑल-टेरेन घेतले. माप तेच, २६५/७०आर१७, पण पुढे पी (प्रवासी गाडीचा) नाही, एलटी (हलक्या ट्रकचा) आहे. लोड रेंज ई, म्हणजे जास्त दाब आणि भार पेलणारा वर्ग, लोड इंडेक्स १२१. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरचा स्टिकर सांगतो हवेचा दाब ३५ पीएसआय. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, ८० पीएसआय कोरलेलं आहे. मी हवा किती भरू?

एवढंच विचारायला पहिला फोन केला, टायर बसवले त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिकडच्या मुलाने सांगितलं, "मॅडम, टायरवरच लिहिलेलं असतं. ८०." मी म्हटलं, ती तर कमाल मर्यादा आहे ना? तो म्हणाला, "जे लिहिलंय तेच भरायचं." कंपनीचा माणूस सांगतोय म्हणून मी भरली. गाडी रस्त्यावर टप्पे खात धावायला लागली. खडीच्या रस्त्यावर मागची बाजू बाजूला सरकायची, ब्रेक दाबला की चाकं रस्ता धरायचीच नाहीत. संध्याकाळी मी ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूचा जाड पट्टा ओढला आणि सपाट रस्त्यावर सरळ रेषेत थोडीशी गाडी चालवून खाली उतरून पाहिलं. मधला चार बोटं रुंदीचा खडू साफ पुसला गेला होता आणि दोन्ही कडांना ओढला तसाच्या तसा पांढराशुभ्र होता. म्हणजे एवढा रुंद टायर घेऊन मी मधल्या एका पट्टीवर गाडी चालवत होते.

दुसरा फोन. दुसरा मुलगा, दुसरं उत्तर. "मॅडम, ८० कोणी सांगितलं? टायर कुठलाही टाका, गाडीच्या स्टिकरवर असेल तेवढीच हवा." म्हणून ३५ वर आणली. त्या आठवड्यात गाडी पूर्ण भरून निघालो होतो, पाणी, इंधनाचे कॅन, हत्यारं, छतावर जास्तीचा टायर. सकाळी थंड टायरमध्ये मोजून ३५ होती. तासभर महामार्गावर चालवल्यानंतर थांबून गेज लावला, तर मागच्या दोन्ही चाकांत ४३. साइडवॉलला तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. ऑस्ट्रेलियात लांबलांबच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणारे लोक एक ठोकताळा पाळतात, तो तुमच्या लोकांना माहीत असायला हवा: थंड आणि गरम दाबातला फरक साध्या टायरला साधारण ४ आणि एलटीला साधारण ६ पीएसआयच्या वर गेला, तर सुरुवातीला हवा कमी भरली होती असं समजायचं. माझा फरक ८ होता. साइडवॉल चालता चालता लवत होती आणि तापत होती. असे तापलेले टायर कसे जातात हे मी तुम्हाला सांगायचं का?

म्हणजे एकाच कंपनीने, एकाच टायरसाठी, एकाच महिन्यात मला ८० आणि ३५ हे दोन आकडे दिले. ४५ पीएसआयचा फरक. टायरच्या धंद्यात असलेल्या कोणालाही २००० साल आठवायला हरकत नाही. फोर्ड एक्सप्लोररसाठी फोर्डने २६ पीएसआयची शिफारस केली होती आणि त्यांचे टायर बनवणाऱ्या फायरस्टोनचं म्हणणं होतं ३० हवं. ट्रेड सुटून गाड्या उलटत होत्या, त्या ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले, दोनशेहून जास्त माणसं दगावली. कारणं अनेक होती, टायरच्या बनावटीचाही दोष निघाला, पण त्या सगळ्या भांडणात चार पीएसआयचा हा फरक पुन्हा पुन्हा पुढे आला. त्यानंतरच अमेरिकेत कायदा होऊन नव्या गाड्यांना हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा बंधनकारक झाला. चार पीएसआयवरून एवढं झालं. तुम्ही माझ्यासमोर ४५ चा फरक टाकलात आणि वर म्हणता, तक्रार निकाली.

त्या दिव्याचीही गंमत नाही, काळजीचीच गोष्ट आहे. तो स्टिकरच्या दाबावर बेतलेला असतो, साधारण पाव हवा गेली की लागतो. माझ्या गाडीत म्हणजे २६ च्या आसपास. या एलटी टायरला ५० लागत असतील, तर अर्धी हवा जाईपर्यंत दिवा गप्प बसणार. हेसुद्धा मला कोणी सांगितलं नाही, मी स्वतः बसून काढलं.

तिसऱ्या फोनला बावीस मिनिटं तुमची धून ऐकली आणि मग उत्तर मिळालं, "टायर ज्यांनी बसवले त्यांना विचारा." टायर त्यांनी बसवले, बनवले तुम्ही. किती हवेला टायर किती भार उचलतो ते सांगणारा भार-दाब तक्ता तुम्ही काढता. टायरवाल्याने मला पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की ताई, हे एलटी आहेत, जुनाच आकडा चालेल की नाही ते कंपनीलाच विचारा. त्याने तुमच्याकडे पाठवलं, तुम्ही त्याच्याकडे. त्याच फोनवर मी विचारलं होतं की वाळूत उतरताना हे टायर किती खाली आणता येतील. जुन्या टायरमध्ये मी १८ ते २० वर आणायचे, वेग कमी ठेवायचे, १५ च्या खाली कधी गेले नाही, कारण तिथे वळणावर टायरची कड रिमवरून निसटायची भीती असते, आणि पक्का रस्ता लागायच्या आधी कॉम्प्रेसर लावून पुन्हा भरायचे. या जाड साइडवॉलच्या टायरला तोच हिशोब लावायचा का, एवढं विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, ऑफ-रोड केलंत तर वॉरंटीत बसणार नाही." ज्या टायरच्या जाहिरातीत गाडी वाळूच्या डोंगरावर चढताना दाखवता, ज्याच्या साइडवॉलवर डोंगराचं चित्र कोरता, त्या टायरबद्दल हे बोलता!

आता आजचा फोन. हे सविस्तर लिहिते आहे, कारण हे संभाषण तुम्ही रेकॉर्ड केलेलं आहे आणि ते तुम्ही स्वतः ऐकावं अशी माझी मागणी आहे.

फोन घेणाऱ्या गृहस्थांनी आपण सीनियर टेक्निकल एक्झिक्युटिव्ह असल्याचं सांगितलं. मला बरं वाटलं, शेवटी जाणकार माणूस भेटला. त्यांनी साइडवॉलवर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी अंगणात चाकाशेजारी उकिडवी बसले, एका हातात फोन, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं: एकेरी चाकावर कमाल भार १४५० किलो, दाब ५५० केपीए, ८० पीएसआय, थंड. मग दरवाजा उघडून स्टिकर वाचला. तिकडून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. मग ती थांबली.

"मॅडम, गाडी चालवतं कोण?"

"मी."

"नाही, म्हणजे गाडीचं सगळं बघतं कोण? सर आहेत का घरी? त्यांना जरा फोन देता का? त्यांना समजावतो, पटकन कळेल."

मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, टायर मी घेतलेत, बिल माझ्या नावाचं आहे, प्रश्न माझा आहे. मला सांगा.

"तसं नाही मॅडम, जरा टेक्निकल आहे ना."

"मग टेक्निकलच सांगा. या मापाच्या एलटी टायरचा भार-दाब तक्ता तुमच्यासमोर उघडा आहे का?"

दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग ते म्हणाले, "कसला तक्ता?"

मी समजावून सांगितलं. त्यावर त्यांचा तांत्रिक सल्ला असा: "असं करा, टायर बसल्यासारखा वाटला की हवा भरा, टणक वाटला की थोडी सोडा. अंदाज येतो हळूहळू. नाहीतर सर आले की फोन करा." आणि फोन ठेवला. मिनिटभरात मेसेज: आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.

वीस वर्षं मी स्वतःच्या गाडीची हवा स्वतः तपासते आहे. सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, कारण चालून गरम झालेल्या टायरचा आकडा फसवा असतो. सहा अंश तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय उतरतो हे धरून हिवाळ्यात पुन्हा तपासते. आणि ज्यांना तक्ता म्हणजे काय ते माहीत नाही, ते माझ्या घरातल्या पुरुषाला फोनवर बोलवतात! घरात दुसरं कोणी नसतं तर मला हवेचा आकडा मिळालाच नसता का? आणि डोळ्यांनी बघून अंदाज घ्या हा सल्ला तर धोक्याचा आहे. लोड रेंज ई ची साइडवॉल इतकी कडक असते की निम्म्याच्या आसपास हवा असली तरी टायर उभा दिसतो. हे तुम्ही तयार केलेल्या टायरबद्दल मी तुम्हाला सांगते आहे.

तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मी काय केलं ते लिहिते. मूळ पी टायर ११३ चा, म्हणजे ३५ पीएसआयला ११५० किलो. पी-मेट्रिक, म्हणजे पी टायर एसयूव्ही किंवा हलक्या ट्रकसारख्या गाडीवर असला की ती क्षमता १.१ ने भागायची, उरतात १०४५. नव्या टायरने किमान तेवढं उचललं पाहिजे, हा बदली टायरचा दाब ठरवायचा साधा नियम. आता याच मापाचा एलटी टायर लोड रेंज सी या हलक्या वर्गातही येतो, त्याचा इंडेक्स ११२, म्हणजे ५० पीएसआयला ११२० किलो. माझा ई आहे, ८० ला १४५० उचलणारा, पण माप तेच असल्याने ५० ला त्याचीही क्षमता तेवढीच. म्हणजे माझं उत्तर ५० च्या जवळपास, कदाचित थोडं खालीच. ३५ ला एलटी टायर ११२० पेक्षा बराच कमी भार उचलणार, हे कळायला तक्ताही लागत नाही. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली, मागचा ॲक्सल वेगळा तोलला, १६८० किलो भरला, एका चाकावर ८४०. जुन्या टायरवर हाताशी दोनशे किलोंची सवड होती. ३५ ला या टायरवर किती उरते ते मला नेमकं माहीत नाही, कारण मधल्या दाबांचे आकडे ज्या तक्त्यात आहेत तो तुमच्याकडे आहे आणि चार फोन करूनही तो मला मिळालेला नाही.

तुमच्याकडून टायर घ्यायची ही माझी तिसरी वेळ. आधीच्या गाडीवर तुमच्याच टायरनी दगडगोटे, चिखल, कोरड्या नद्या सगळं निभावून नेलं, आणि कोणी विचारलं की मी डोळे झाकून तुमचं नाव सांगायचे. टायर अजूनही चांगलाच असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चांगला टायर चुकीच्या हवेवर चालवला की तो चांगला राहत नाही, आणि ती चुकीची हवा दोनदा तुमच्याच माणसांनी सांगितली.

मला हवं आहे ते असं: या मापाच्या, या लोड रेंजच्या टायरचा पूर्ण भार-दाब तक्ता, लेखी. माझ्या गाडीसाठी रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही वेळचा थंड दाब, पुढचा आणि मागचा वेगळा, जबाबदार अभियंत्याच्या सहीने. कच्च्या रस्त्यावर आणि वाळूत किती खाली आणता येईल आणि त्या दाबावर वेगमर्यादा काय, तेही. आणि "सर आहेत का" म्हणणाऱ्या त्या गृहस्थांकडून माफी, मला, फोनवर नाही, लिहून. सात दिवसांत हे आलं नाही तर चारही कॉलच्या वेळा आणि तो निकाली काढल्याचा मेसेज घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. पाचवा टायर अजून घ्यायचा बाकी आहे, तो कुठल्या कंपनीचा असेल हेही तेव्हाच ठरेल.

येत्या शनिवारी आम्ही पुन्हा गाडी भरून निघतो आहोत. पहाटे, टायर थंड असताना, मी चारही चाकांत ५० भरणार आहे. हे चूक असेल तर शुक्रवारच्या आत कळवा. फोन याच नंबरवर करा, मीच उचलेन.

एक ग्राहक
(तक्रार क्रमांक तुमच्याकडे नोंदलेला आहे, "निकाली" या शिक्क्यासकट)