मलिक अंबर अर्धाच शिकवतो आपण

महोदय,

शाळेत गुलामगिरी म्हटली की अमेरिका: कापसाचे मळे, लिंकन, १८६५. मलिक अंबर भेटतो तो दुसऱ्याच धड्यात, निजामशाहीचा वजीर म्हणून. भातवडीची लढाई, जमीन महसूल, झालं! इथिओपियात जन्मलेला हा मुलगा बगदादसारख्या बाजारांतून विकला जात दख्खनला पोचला, हे वर्गात किती जण सांगतात? त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी, म्हणजे आफ्रिकी, गुलाम. परीक्षेला येत नाही म्हणून एवढी विलक्षण गोष्ट गाळायची?

सहल मुरुडला जाते, पोरं जंजिऱ्यावर कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढतात. या किल्ल्यावर राज्य करणारे सिद्दी मुळात कुठले, असं कुणी विचारलंच तर सर गाईडकडे बोट दाखवतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसं आणून गोव्यात विकली, हेही आपल्या धड्यांत दिसत नाही. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडे, आफ्रिकी वंशाचे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तरी त्यांना ‘कुठल्या देशाचे?’ असं विचारलं जातं. पाठ्यपुस्तक मंडळाने याला दोन पानं द्यावीत. तोवर शिक्षकांनी निदान अंबरचं बालपण तरी सांगावं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

— एक निवृत्त शिक्षक, अलिबाग