न्हाऊ घालणाऱ्या मावशींचे, आशाताईंचे आभार

कोल्हापूरच्या पेठांतून सकाळी घरोघरी बाळांना न्हाऊ घालत फिरणाऱ्या मावशींचे आधी आभार. पाणी कोपरानं तपासायचं, कारण कामानं निबर झालेल्या तळव्याला चटका कळत नाही. तेल नाका-कानात सोडायचं नाही. पाजल्या पाजल्या मालिश नको, नाहीतर दूध बाहेर येतं. मान, काख, जांघेतल्या घड्या टिपल्याशिवाय त्या बाळाला दुपट्यात गुंडाळत नाहीत. तिथंच ओल राहून कातडी लाल होते. (कुणी कितीही आग्रह केला तरी बेंबीला हळद लावत नाहीत, हे विशेष.)

दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांचे, म्हणजे आशाताईंचेही आभार. त्या वजन करतात, ताप बघतात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही, हे आजीला पटवणं त्यांनाच जमतं.

लस टोचून आलेलं बाळ केएमटीच्या बसमध्ये कळवळून रडताना उठून जागा देणारे काका, तुमचेही. आणि ऐन पावसाळ्यात आपली दोरी मोकळी करून देणाऱ्या शेजारच्या वहिनी, तुमच्यामुळं लंगोट दमट बांधावे लागले नाहीत.