डावा हात वर गेला की

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमचे नीट आभारही मानता आले नाहीत. माझा गळा दाटून आला होता आणि लेक हात धरून ओढत होती, तिला घरी जाऊन आईला दाढ दाखवायची होती. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण दुधाचे दात 'पडणारच आहेत' म्हणून सोडून देणाऱ्या माझ्यासारख्या आईबापांनीही ते वाचावं असं वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधी लेकीच्या किडलेल्या दाढेसाठी आम्ही दोन दवाखाने पालथे घातले होते. पहिल्या ठिकाणी टॉर्च मारून अर्ध्या मिनिटात निकाल लागला. "दुधाची दाढ आहे, आपोआप पडेल." कधी पडेल हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात, हे मला तुमच्याकडून कळलं. लेक तेव्हा ५ वर्षांची होती. तिचं जेवढं वय, तेवढीच वर्षं अजून तिला त्या दाढेवर काढायची होती!

दुसऱ्या ठिकाणी दोघींनी तिचे हात धरले, एकाने डोकं. ती किंचाळली तर म्हणाले, "एवढी मोठी झालीस आणि रडतेस?" मग माझ्याकडे वळून, "काय खायला घालता हो हिला?" काम झालंच नाही. त्यानंतर नुसता ब्रश दिसला तरी ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. रात्री दाढ ठणकायला लागली की गालाखाली तळहात घेऊन एका कुशीवर पडून राहायची. रडायची नाही. रडलं तर परत तिथेच नेतील, ही तिची भीती. त्या माणसांना मी अजून माफ करू शकलेलो नाही.

तुम्ही काय काय उपचार केलेत ते इथे सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते त्या हाताबद्दल.

तुम्ही स्टूल ओढून तिच्या डोळ्यांसमोर बसलात आणि माझ्याआधी तिच्याशी बोललात. म्हणालात, "तुझा डावा हात वर गेला की मी थांबणार. का ते विचारणारही नाही." मुलांना असं काय काय सांगतात लोक, पण प्रत्यक्षात थांबत कोणी नाही. लेकीलाही ते ठाऊक होतं. मशीन सुरू झालं आणि लगेच तिचा हात वर गेला. दुखत नव्हतं तिला. मी समोर उभा होतो, मला तिचे डोळे दिसत होते. ती तुमची परीक्षा बघत होती.

आवाज बंद झाला. हातातलं सगळं ट्रेमध्ये ठेवून तुम्ही दोन्ही रिकामे पंजे तिला दिसतील असे वर धरलेत आणि गप्प बसून राहिलात. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी "आता काय गं?" असं तुमच्या तोंडून आलं नाही. तिनं छताकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि आपणहून आ केला. पुढे आणखी दोनदा हात वर गेला, दोन्ही वेळा तुम्ही तशाच थांबलात. चौथ्यांदा तो गेलाच नाही.

रात्रीच्या दुधाच्या बाटलीबद्दल विचारलंत तेव्हा माझी मान खाली गेली. ती तोंडात देऊन तिला झोपवायचो मीच. तुम्ही सुनावलं नाहीत. झोपेत लाळ कमी होते, दुधातली साखर दातांवर बसून राहते, जंतू तिचं आम्ल करतात आणि दुधाच्या दाताचं कवच पातळ असल्यामुळे कीड आत लवकर पोचते, एवढं शांतपणे समजावलंत. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दाखवलीत. तो नुसता डाग आहे असं समजून मी वर्षभर बघत होतो. तिथूनच सुरुवात होते, आणि त्याच वेळी काळजी घेतली तर दात सावरतो, हे आधी कोणी बोललंच नव्हतं.

लहान मुलाला दिलेला शब्द मोठ्या माणसाला दिलेल्या शब्दाइतकाच पाळणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. शिक्षणाने हात कुशल होतो, पण तो कधी थांबवायचा हे मनातून यावं लागतं. तुमच्यासारखी माणसं खुर्चीपाशी भेटली तर किती मुलांची भीती तिथेच संपेल!

आता सकाळी आणि रात्री तिला मागून कुशीत घेऊन, डोकं माझ्या छातीला टेकवून मीच ब्रश करतो. ७-८ वर्षांची होईपर्यंत मुलांच्या हातून नीट होत नाही, हे तुमचं वाक्य पाठ झालंय. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि नंतर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. मधेच तिचा डावा हात वर जातो. मी ब्रश बाहेर काढून थांबतो. ती आरशात माझ्याकडे बघते आणि हात खाली घेते.

सगळ्यात मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ डोकावतेय. ही कायमची असते असं तुम्ही म्हणाला होतात. पुढच्या आठवड्यात दाखवायला आणतो. तारीख तिनेच विचारून ठेवली आहे.

आपला कृतज्ञ,
एका मुलीचा बाबा