सद्या, ती मॅटाडोर नव्हे!

हॅनोवर

प्रिय सद्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझ्या फोक्सवॅगन टी३ व्हॅनच्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीचा फोटो पाठवलास आणि गप्प बसवेना.

तो तपकिरी राडा बोटांत चोळून बघ. खरखरीत लागला तर गंज. जेलीसारखा बुळबुळीत असेल तर निळ्या जी११ कूलंटमध्ये कुणीतरी लाल जी१२ ओतलंय. दोन्हींत वरवर भर घालून भागणार नाही, सगळं काढायचं. तुझ्या पाण्याने गार होणाऱ्या इंजिनाचे, म्हणजे वॉटरबॉक्सरचे, हेड (सिलिंडरवरची झाकणं) अॅल्युमिनियमचे. कूलंटमधलं गंजरोधक संपलं की बाहेरच्या रबरी सीलखालची त्यांची कड खाल्ली जाते आणि खालून पाणी ठिबकायला लागतं. मग खर्च विचारू नकोस. नवं घेताना फॉस्फेटमुक्तच घे, आणि पाणी डिस्टिल्ड. (मुरूडच्या रस्त्यावर अण्णांच्या मॅटाडोरमध्ये विहिरीचं पाणी ओतलंस, तेव्हाही मी हेच सांगत होतो.)

इंजिन पूर्ण गार असतानाच टाकीचं झाकण उघड. पुढचा आणि मागच्या सीटखालचा, दोन्ही हीटर गरमवर ठेव, नाहीतर त्यांतलं जुनं पाणी तिथंच राहील. मग पुढे रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) आणि मागे इंजिनकडचे मोठे होज सोड. इंजिनाच्या ब्लॉकच्या तळाशी ड्रेन प्लग (पाणी सोडायची बुचं) असतील तर तेही. सगळ्या इंजिनांना नसतात. होज अडला तर पिळू नकोस, उभा चिरून काढ. नवा होज स्वस्त. लांब पाइप प्लॅस्टिकचे असतील तर त्यांची टोकं ठिसूळ झालेली असतात. निघालेलं बादलीत मोज आणि मोत्याला लांब बांध: ते गोड लागतं आणि विषारी असतं. गटारात तर मुळीच नको.

आता नळीने साफ पाणी येईपर्यंत धू. सिस्टीममध्ये साधारण १७ लिटर मावतं, पण धुतलेलं पाणी आत राहतंच. म्हणून आधी साडेआठ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं कूलंट), मग मावेल तेवढं पाणी. आधीच निम्मं-निम्मं मिसळून ओतलंस तर पातळ होईल. नीट ५० टक्के असेल तर उणे ३५ पर्यंत निभावतं.

खरी धास्ती पुढेच आहे. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये गाडीभर पाइप. हवा जाऊन बसते रेडिएटरच्या माथ्यावर. पंप फिरतो, गरम पाणी पुढे पोचत नाही, पंख्याचा स्विच थंडच, आणि काटा वर. तू म्हणणार थर्मोस्टॅट गेला, आणि बदलून बसणार. तू तसाच आहेस!

म्हणून गाडीचं नाक ४० सेंटिमीटर वर घे. जॅकवर नको, रॅम्पवर. मागच्या चाकांना उटी लाव. जाळी काढून रेडिएटरच्या वरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) दोन-तीन आटे सैल कर. इंजिन २००० आरपीएमवर धरायला वहिनींना बसव, तू मागच्या टाकीत ओतत राहा. पुढे भाच्याला उभा कर. आधी फुसफुस, मग थुंकी, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की त्याने ओरडायचं. टाकी काठोकाठ भर, झाकण लाव, स्क्रू बंद. इंजिन थोडं तापल्यावर स्क्रू पुन्हा जरासा सैल कर, हात लांब ठेवून. पुन्हा फुसफुसला तर हवा आहे. मागचा हीटर गरम फेकायला लागला आणि पंखा आपोआप चालू होऊन बंद झाला, की जमलं. गार झाल्यावर दोन्ही टाक्या बघ. नंबरप्लेटच्या झाकणामागची सगळे विसरतात.

नवीन नोकरीचं ऐकलं, बरं झालं. वहिनींच्या परीक्षेचं काय झालं? आणि बाळ्याला पैसे देऊ नकोस.

ब्लॉकच्या दोन्ही कडांचे, खालून काढलेले फोटो पाठव. तोवर किल्ली वहिनींकडे.

तुझा,
बंड्या