पेटीचं दार

चिपळूण, ११ डिसेंबर

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला घेतलं की दोन मिनिटांत आपलं वाजतं, म्हणून लिहायला बसलोय. शेजारचा ओंकार याचा फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला लागतं.

मुद्द्याचं आधी. तू २० तारखेला येणार आणि २१ला सकाळी आपल्या पुरी मांजरीला घेऊन पुण्याला निघणार. गाडीत काही झालं, ती कितीही ओरडली, तरी पेटीचं दार उघडू नकोस. एवढंच सांगायचं होतं. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

आता बाकीचं.

दिवाळीत जे झालं त्याबद्दल. पोफळीपर्यंत जाऊन तू परत आलीस तेव्हा मी दादा-वहिनींसमोर म्हणालो, "एक मांजर नेता येत नाही तुला." ते बोलायला नको होतं. तू न जेवता निघालीस, भरल्या वांग्याचा डबासुद्धा ओट्यावर राहिला, आणि आईने मला दोन दिवस चहा विचारला नाही. चूक सगळी तुझी नव्हती. निघायच्या आधी तिला बांगडा मी घातला होता, "लांबचा प्रवास आहे, पोट भरलेलं बरं" म्हणून. अलोऱ्याच्या पुढे तो सगळा बाहेर आला. पेटी नवी कोरी, तिला प्लास्टिकचा वास. झोपाळ्यावर झोपलेलीला उचलून तू थेट आत कोंबलीस. हे मात्र तुझंच, सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. शिवाय गाडीत आरशाला कापराची पुडी, तीही मीच बांधलेली. मांजराला कापूर विषारी असतो हे मला या वयात कळलं. पुडी काढून टाकलीये. तुझ्या गाडीत तो निलगिरीच्या वासाचा डबा असतो ना, तोही काढ. चार दिवस आधीच काढ, वास पडद्यांत बसतो.

तू गेल्यापासून मी एक उद्योग केला. हसू नकोस. पेटी आणून झोपाळ्याखाली ठेवली आणि दार काढून वेगळं ठेवलं. आत माझं जुनं बनियन अंथरलं. मांजराच्या गालांत ग्रंथी असतात, ज्या वस्तूला ती गाल घासते ती वस्तू तिची होते. म्हणून रोज संध्याकाळी ती मांडीवर आली की एक मऊ फडकं तिच्या गालांवरून फिरवायचं आणि ते पेटीत टाकायचं. पहिले तीन दिवस पेटीकडे पाठ. चौथ्या दिवशी मान आत घालून वास घेतला. मग मी सुक्या बोंबलाचा तुकडा दारात ठेवू लागलो, दुसऱ्या दिवशी एक वीत आत, तिसऱ्या दिवशी पार मागच्या भिंतीला. नवव्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "पुरी कुठेय?" तर पेटीत. पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून. तेव्हा कुठे मी दार परत बसवलं.

पॉवर हाऊसच्या नोकरीतली सवय, म्हणून वही ठेवलीये. तारीख, वेळ, किती मिनिटं, लाळ आली का, ओरडली किती. पहिली नोंद अशी: "गाडी बंद. फाटकाच्या आत. ५ मि. शेपूट अंगाशी. लाळ नाही." म्हणजे मी नुसता गाडीत बसलो होतो, ती मागे पेटीत, आणि पाच मिनिटांनी आम्ही दोघं घरात येऊन बोंबील खाल्ला. तिने खाल्ला. समोरच्या वहिनी गॅलरीतून विचारत होत्या, "भाऊ, कुठे निघालात?" मी म्हटलं, कुठेच नाही.

नंतर इंजिन चालू करून. तिथे आठवडा गेला. स्टार्टर मारला की तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या एकदम वाटोळ्या होतात, हिरवा रंग दिसेनासा होतो. मी आपला एक तर्क लढवलाय. २२ जुलै २०२१च्या पुरात ती गॅलरीच्या ग्रिलला लोंबकळत होती, एवढीशी, चिखलाचा गोळा, आणि खालून त्या मोटारबोटी घरघरत जात होत्या. तो आवाज तिच्यात राहिला असेल. डॉक्टर म्हणाले, असं काही सांगता येत नाही, बहुतेक मांजरांना इंजिन आवडत नाही. असेल. ते त्या दिवशी गॅलरीत नव्हते.

मग बहादूरशेख नाक्यापर्यंत, मग खेर्डी. प्रत्येक वेळी घरी आल्यावर बोंबील. चार-सहा दिवसांपूर्वी शिरगावपर्यंत गेलो, एकही लाळ नाही. मला पेन्शनची पहिली पावती मिळाली तेव्हासुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.

तर हे लक्षात ठेव. निघायच्या आधी चार तास खाणं बंद, पाणी चालेल. पेटी सीटवर नको, पुढच्या सीटच्या मागे खाली ठेव आणि सीट मागे सरकवून ती पक्की अडकव. खाली झोका कमी बसतो आणि करकचून ब्रेक लागला तरी पेटी उडत नाही. वरून माझा पांढरा पंचा टाक. तिला बाहेरचं पळतं दिसलं की मळमळतं. पण जाळी एका बाजूने उघडी राहू दे, हवा पाहिजे. आत ते शोषून घेणारं कापड आहे, घाण झालं तर ते बदलण्यासाठीही थांबू नकोस. दार उघडावं लागेल. घाणीत सहा तास बसली तरी मरत नाही.

पुन्हा दारावर आलो. असू दे.

डॉक्टरांनी तिला शांत ठेवायला गॅबापेंटिन दिलंय, निघायच्या दोन तास आधी. मी गेल्या रविवारी घरीच एकदा देऊन बघितलं, कारण गाडीत पहिल्यांदा देऊन काय होतंय ते बघत बसायचं नसतं. दारू प्यायल्यासारखी चालत होती, झोपाळ्यावर उडी मारायला गेली आणि चुकली, आईने मला धरून शिव्या घातल्या. संध्याकाळी ठीक. त्या आधी आईनेच विचारलं होतं, तापाच्या गोळीचा पाव तुकडा दिला तर गुंगी येईल का. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं. माणसाच्या डब्यातलं काहीही तिला द्यायचं नाही, हे तुझ्या रूममेटलाही सांग.

ओरडेल. घाट सुरू झाला की ओरडणारच. तू तिच्याशी बोल, पण "अगं पुरी, अगं बाळ, काय झालं" असं वरच्या पट्टीत नको, त्याने तिला वाटतं खरंच काहीतरी झालं. खालच्या आवाजात बोल, काहीही बोल. मी तिला युनिटचे आकडे सांगत होतो. ओरडणं चालेल, लाळही चालेल. पण कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागली, तर बाजूला घे, एसी वाढव, शांत बसू दे. तरी थांबली नाही, तर कराड किंवा सातारा, जे जवळ असेल तिथे डॉक्टर गाठ. आणि गाडीत तिला ठेवून जेवायला जाऊ नकोस. डिसेंबर असला तरी उन्हात उभी गाडी भट्टी होते.

उजाडल्यावरच नीघ. कुंभार्ली घाटात पहाटे धुकं असतं. वळणांवर हॉर्न वाजव, मांजर घाबरेल म्हणून टाळू नकोस. पाटणच्या पुढे मल्हारपेठेवरून उंब्रजला नीघ, कराडच्या गर्दीत शिरायला नको. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते एस वळण तुला माहीत आहे. तिथे मागे काहीही होवो, वळून बघायचं नाही. ट्रकवाले तिथे

बरं. बारा वर्षं गाडी चालवतेस. कात्रजच्या चढावर तुझ्याशेजारी मी डोळे मिटून बसलो होतो आणि तू गाणं म्हणत होतीस. मला ठाऊक आहे सगळं. दादा म्हणाला, "बाबा, ती ऑफिसात चाळीस माणसं सांभाळते." सांभाळते ना, मी सगळ्यांना सांगतो. चाळीस माणसं पेटीतून उडी मारत नाहीत.

आता मनीबद्दल. तू कधी विषय काढत नाहीस, म्हणून मला वाटायचं विसरलीस. दिवाळीत तू पोफळीहून परत आलीस आणि गाडीतून उतरताना आधी म्हणालीस, "मी दार उघडलं नाही हां, बाबा." तेव्हा कळलं.

१९९६चा जून होता. कोयनानगरची खोली सोडून आपण अलोऱ्याच्या कॉलनीत येत होतो. टेंपोत सामान, सामानावर आपण, आणि मनी साखरेच्या पोत्यात, तोंड सुतळीने बांधलेलं. तेव्हा अशीच न्यायचे मांजर, पोत्यातून. दिसू नये म्हणजे परत वाट सापडणार नाही, अशी अक्कल. घाटमाथ्यावर टेंपो तापला म्हणून थांबला. ती आत रडत होती आणि तू सहा वर्षांची होतीस. तू गाठ सोडलीस, एवढंच. ती तुझ्या हातावर ओरखडा काढून गेली, कारवीत शिरली आणि वर पाऊस आला. तासभर हाका मारल्या. मग मी तुला मारलं. एकच, पण रस्त्यावर, टेंपोवाल्यासमोर.

त्यानंतरचे तीन रविवार मी एसटीने घाटावर जात होतो. आईला सांगितलं होतं, ओव्हरटाइम आहे. खिशात सुकट कागदात बांधून न्यायचो, चहाच्या टपरीमागे ठेवायचो आणि हाका मारायचो. टपरीवाला म्हणायचा, "माकडं खातात हो साहेब." तिसऱ्या रविवारी कारवी इतकी वाढली होती की आत शिरता येईना. तुला हे कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. सांगितलं असतं तर तुला मारलं ते चुकलं हेही सांगावं लागलं असतं. आता तू पस्तीस वर्षांची, मी अडुसष्टचा. चुकलं.

आणखी एक. परवा वहीत नोंद नाही. परवा मी तिला घेऊन पोफळीच्या पुढे, घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंत गेलो होतो. एकटाच. आईला म्हटलं, हवा भरून येतो. तिसऱ्या वळणाला ती अशी ओरडली की मी गाडी बाजूला घेतली. पंचा बाजूला केला तर ती जाळीला नाक लावून बसली होती. नाक गुलाबी असतं ना तिचं, ते पांढरं पडलेलं, हनुवटीखाली लाळेची तार. पंजा जाळीतून बाहेर, माझ्या बोटाला धरलेला, नखं न काढता. आणि माझा दुसरा हात कडीवर होता, सई. कडी अर्धी सरकली होती. गाडीची काच खाली होती.

मागून एसटीने हॉर्न दिला आणि मी भानावर आलो. काच वर केली. बराच वेळ तसाच बसलो. ती माझं बोट धरून होती.

तर उगाच सांगत नाही मी. सहा वर्षांचं असो की अडुसष्टचं, हात जातोच.

पुण्याला पोचलीस की तिला एकदम सगळं घर दाखवू नकोस. तुझ्या खोलीत ने, खिडक्या लाव, खोलीचं दार लाव, रेतीचा ट्रे आणि पाणी ठेव, मग पेटी उघड. बाहेर काढायची नाही, तिला हवं तेव्हा येईल. दोन दिवस पलंगाखाली राहील. पेटी उचलून माळ्यावर टाकू नकोस, तिचं घर तेवढंच तिथे ओळखीचं असेल. माझं बनियन धुवू नकोस.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं जानेवारीत ठाण्याला ठरलंय ते तुला दादाने सांगितलं असेलच. तीन महिने घर बंद. मार्चअखेर मी स्वतः येईन न्यायला, किंवा तिचं मन तिथे लागलं तर बघू.

वांगी पुन्हा करणार आहे आई. या खेपेला जेवून जा.

तुझा,
बाबा

ता. क. पेटीच्या कडीला मी तांब्याच्या तारेचा पीळ देऊन ठेवतोय, नुसत्या हाताने सुटणार नाही. पक्कड तुझ्या हातात देणार नाही, डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवीन. पुण्यात गेल्यावर काढ.