कर्दळीखालची खडी कुठे आहे?

संपादक महोदय,

नाल्याच्या काठाने कर्दळ लावली की सांडपाणी शुद्ध होते, हा समज ग्रामसभेपासून अंदाजपत्रकापर्यंत पोहोचला आहे. तो वेळीच दुरुस्त व्हायला हवा. घाण खातात ते खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू. कर्दळ, पाणकणीस किंवा नळगवत त्यांना मुळांचा आधार देतात, थोडा प्राणवायू पुरवतात. झाड स्वतः नत्र-स्फुरद घेते, पण ते त्यामानाने कमीच. वाहत्या नाल्यात पाणी मुळांपाशी काही मिनिटे थांबते. जिवाणूंना निदान दोन दिवस लागतात. म्हणून खडीने भरलेल्या, वर कर्दळ लावलेल्या वाफ्यातून पाणी सावकाश न्यावे लागते.

हिशेब साधा आहे. जलजीवन मिशनमध्ये नळाने द्यायच्या माणशी रोजच्या 55 लिटरपैकी सुमारे 70 टक्के पाणी मोरी-न्हाणीतून गटारात येते. हजार वस्तीच्या गावात ते रोज जवळपास 40 घनमीटर भरते. खडीचा वाफा 60 सेंटीमीटर खोल आणि खडीतली पोकळी 40 टक्के धरली, तर दोन दिवसांच्या मुक्कामाला सुमारे 335 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन गुंठे जागा लागते. त्यात 14 बाय 12 मीटरचे दोन वाफे शेजारी-शेजारी बसतात. एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालू राहतो. खडी लागते सुमारे 71 ब्रास. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत मिळतात, म्हणजे इथे 2 लाख 80 हजार. एवढ्या रकमेत सगळे बसवताना काटछाट होते ती खडीवरच.

वाफ्याआधी जाळी आणि गाळटाकी हवीच. टाकी किमान अर्ध्या दिवसाच्या पाण्याची, इथे 20 घनमीटरची असावी आणि तेल-साबणाचा तवंग अडवणारी आडभिंत तिच्यात असावी. ती वगळली, तर राख, भाताची शिते, साबणाचा साका सगळे पहिल्या मीटर-दोन मीटर खडीत अडकते आणि पाणी वर तुंबते. वाफ्यावर डबके दिसले की समजावे, तोंडाकडची खडी काढून धुवायची वेळ झाली. नीट चालणाऱ्या वाफ्यात पाणी पृष्ठभागाच्या 5 ते 10 सेंटीमीटर खालीच राहते, म्हणून डासही होत नाहीत.

तळाला शेततळ्याची 500 मायक्रॉनची ताडपत्री चालते, फक्त वर-खाली वाळूचा थर द्यावा, नाहीतर खडीने ती फाटते. मधला भाग 10 ते 20 मिलिमीटरच्या धुतलेल्या खडीचा, दोन्ही टोकांना 40 ते 80 मिलिमीटरचे गोटे. क्रशरची भुकटी किंवा मुरूम मिसळलेली खडी चालत नाही; पोकळीच बुजते. बाहेर जाणाऱ्या पाइपाला फिरणारा एल्बो (वळणाचा जोड) लावला की पातळी हवी तशी ठेवता येते. दर चौरस मीटरला चार कंद लावून पहिले काही आठवडे पातळी वर ठेवावी, मुळे खोल गेली की उतरवावी. पावसाचे पाणी टाकीआधीच झडपेने बाजूला काढले नाही, तर पहिल्याच वळिवात रस्त्याची माती खडीत येऊन बसते.

हे सगळे गणित शौचालयाचे पाणी वगळून आहे. सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो गटारात सोडलेला असेल, तर एवढा वाफा पुरणार नाही. निघालेले पाणी पिण्याचे नव्हे, झाडांना घालण्याचे. जमीन मुरमाड असेल तिथे नांदेड जिल्ह्यात रुजलेले घरोघरीचे शोषखड्डे आधी करावेत, वाफा तेवढा लहान होतो. काळ्या चिकण जमिनीत मात्र पाणी जिरत नाही.

जलपर्णी सोडण्याचा सल्लाही अधूनमधून दिला जातो. ती नत्र, स्फुरद आणि काही जड धातू शोषते हे खरे, पण वेळेवर काढली नाही तर कुजून सगळे पाण्यातच परत देते. पवना आणि मुळा-मुठेत दरवर्षी ती काढताना काय दमछाक होते, ते पुणेकर पाहतातच.

म्हणून जिल्हा परिषदांना विनंती, की गाळटाकी आणि खडीचे मोजमाप झाल्याशिवाय देयक मंजूर करू नये. शेवटचा हप्ता पावसाळा संपल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी चाचणी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्याचे मोजमाप) पाहूनच द्यावा. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याची बीओडी मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे. गाळटाकी उपसण्याचा वार्षिक खर्चही ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पहिल्या वर्षापासूनच धरावा.

आपला,
सांडपाणी व्यवस्थापन क्षेत्रातील एक अभियंता